उपाशी पाणी

"थांबव," शेवंतामामी म्हणाल्या. "वास येतोय."

"उदबत्तीचा असेल, मामी."

"चाळीस वर्षं रेडिएटरवाल्याच्या घरात काढलीत मी. उदबत्ती कुठली आणि तापलेला रबरी पाइप कुठला, एवढं कळतं मला. थांबव म्हणते ना."

मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्टी ओलांडून पुढे कुठेतरी निघाला होता. तेवढ्यात बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि त्यावर बांधलेला झेंडूचा हार वाफवलेल्या भाजीसारखा मान टाकून पडला. मी गाडी कडेला घेतली. सिन्नर चौदा किलोमीटर मागे, सोनेवाडी अठरा किलोमीटर पुढे, दोन्ही बाजूंना कांद्याची वावरं, एका वावरात शेततळं आणि वेळ पावणेपाच. गाडीच्या मागे मोठ्या अक्षरांत 'वैकुंठरथ' लिहिलेलं होतं आणि त्याखाली, पेंटरने सवयीने, 'आवाज द्या'.

गाडीत तांबटमामा होते. सिन्नरच्या जुन्या बसस्टँडमागचे रेडिएटरवाले तांबटमामा. चाळीस वर्षं त्यांनी तालुक्यातली प्रत्येक तापलेली गाडी थंड करून दिली होती, आणि आज त्यांना नेणारीच गाडी रेडिएटर फुटून रस्त्यात उभी होती. यात कुणाला तरी हसू यायला हवं होतं. कुणालाच आलं नाही.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि एका धर्मादाय ट्रस्टच्या वैकुंठरथावर आठ महिन्यांपासून ड्रायव्हर होतो. त्याआधी ट्रॅक्टर चालवायचो. ट्रॅक्टरला लोक रस्ता देत नाहीत, वैकुंठरथाला लगेच देतात, एवढाच फरक मला जाणवला होता.

सोनेवाडी हे मामांचं गाव. तिथे दिवेलागणीनंतर सरण पेटवत नाहीत. मामांना मूलबाळ नव्हतं, अग्नी पुतण्या देणार होता. तो सकाळी तीनदा बजावून गेला होता, "काकू, दिवस मावळायच्या आत आणा. नाहीतर मग उद्या." मामींनी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं होतं, "उद्या नाही." मामांच्या दुकानाचा नियम होता, आलेली गाडी त्याच दिवशी बाहेर; रात्री दुकानात कुणाची गाडी ठेवायची नाही. तो नियम मामांच्या बाबतीतही पाळायचा, असं मामींनी ठरवलं होतं. बाकीचे नातेवाईक लाकडं घेऊन पिकअपने पुढे गेले होते आणि सोनेवाडीत रेंज नसते. म्हणजे जे काही करायचं ते आम्हालाच. मी मोबाइलवर पाहिलं. सूर्यास्त सहा चौतीसला होता.

मागचं दार उघडून अन्वरभाई आणि दत्तू पगार खाली उतरले. दोघंही मामांच्या हाताखाली तयार झालेले. अन्वरभाईंचं मुसळगाव फाट्यावर स्वतःचं दुकान होतं. दत्तू मोठ्या कंपनीच्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होता. घाईत त्याला पांढरा म्हणून तिथलाच टी-शर्ट सापडला होता, आणि त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं, 'तुमच्या गाडीचं आरोग्य, आमची जबाबदारी'.

"काय झालं?" अन्वरभाईंनी विचारलं.

"तापली."

दोघांनी एकदम बॉनेटकडे पाहिलं. दोघं एकदम मागे वळले. आणि अन्वरभाई सवयीने म्हणाले, "थांब, मामांना विचा..."

मामींनी पदराने तोंड पुसलं आणि त्या बांधावरच्या दगडावर जाऊन बसल्या. "बघा तुमचं तुम्ही," त्या म्हणाल्या. "दोघंजण आहात. एवढी वर्षं जेवलात ना माझ्याकडे?"

गाडी निवेपर्यंत झाकण उघडता येत नव्हतं. दत्तू म्हणाला, "भाई, झाकणाला हात लावू नका, भाजेल."

"झाकण म्हणजे काय, हे तुला मी दाखवलंय," अन्वरभाई म्हणाले. "आणि तू पहिल्याच दिवशी हात भाजून घेतलास."

"म्हणूनच सांगतोय."

एवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबला. डोक्यावरची टोपी काढली, आत डोकावून नमस्कार केला. "कोण गेलं?"

"तांबटमामा," मी म्हणालो.

"रेडिएटरवाले? अरेरे. देवमाणूस." मग त्याने वाफेकडे पाहिलं. "आणि गाडीला काय झालं?"

मी तोंड उघडणार तोच दत्तू म्हणाला, "बॅटरी."

"बॅटरीतून वाफ?"

"नवीन प्रकारची आहे," दत्तू म्हणाला.

मोटारसायकलवाला बराच वेळ विचार करत उभा राहिला. गेला तेव्हा जास्तच दुःखी दिसत होता. त्यानंतर एका टेम्पोवाल्याला पंक्चर सांगितलं आणि एका जीपवाल्याला 'मामींना जरा बरं वाटत नाहीये' असं सांगितलं. मामींनी ते ऐकलं आणि त्या दगडावर जरा वाकून बसल्या. मामांचं नाव राखायचं होतं, त्यात त्यांचाही हातभार.

वीसेक मिनिटांनी अन्वरभाई बंपरखाली आडवे झाले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटावर तपकिरी चिखल होता. त्यांनी बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे, केदा?"

"चहा?" मी म्हणालो. खरंच तसं दिसत होतं.

"गंज आहे. इंजिनाच्या पोटातला. खालच्या टाकीचा डाख पार खाल्लाय. पितळ पापुद्र्यासारखं झालंय, बोट लावलं तर आत जातं." डाख म्हणजे पितळेचे तुकडे जोडायला वितळवून लावतात तो धातू. ते मामींकडे न पाहता म्हणाले, "नुसतं फिल्टरचं पाणी घातलंय हिच्यात. महिनोन्महिने. कोणी घातलं?"

मी सूर्याकडे पाहिलं.

"पण भाई, पाणी शुद्धच लागतं ना," दत्तू मध्ये पडला. "आमच्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय. क्षाराचं पाणी घातलं तर नळ्या बुजतात."

"पुस्तकात कूलंटसोबत लिहिलंय. पुढचं पान वाचलंस का?"

"वाचलंय. मीपण तेच म्हणतोय, कूलंटसोबत."

"म्हणजे तू माझंच म्हणतोयस."

"नाही, तुम्ही माझं म्हणताय."

मला दोघांचंही पटलं. दोघांचं म्हणणं एकच आहे की वेगवेगळं, हे मात्र कळलं नाही.

खरं म्हणजे हे सगळं मी आधी ऐकलेलं होतं. सहा महिन्यांपूर्वी गाडी थोडी गळत होती, म्हणून मी ती मामांकडे नेली होती. मामांनी टाकी उघडली, आत बॅटरी मारली आणि विचारलं, "हिला जारचं पाजतोस?"

"ट्रस्टचा नियम आहे, मामा."

"हे बघ. बोअरचं पाणी म्हणजे जेवून आलेला माणूस. येताना सोबत चार गोष्टी घेऊन येतो आणि तुझ्या घरात पसारा करतो. भिंतींना पांढरा थर चढवतो. वाईटच. पण फिल्टरचं पाणी म्हणजे उपाशी माणूस. त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलंय. तो जिथं जाईल तिथलं खाणार. डाख खाईल, पितळ खाईल, लोखंड खाईल. त्याला आत सोडायचं तर सोबत कूलंटचा डबा दे. मग तो शांत बसतो. एकट्याला सोडू नकोस."

मी "बरं" म्हणालो आणि जाऊन नानांना सांगितलं.

नाना भडांगे हे ट्रस्टचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक. मला सातवीला विज्ञान त्यांनीच शिकवलं होतं. गाडी आली त्याच दिवशी त्यांनी नियम केला होता, "केदा, माणूस शेवटच्या प्रवासाला निघतो, आणि ती गाडी बोअरचं गढूळ पाणी पिते, हे शोभत नाही. हिला पिण्याचंच पाणी घालायचं." रोज सकाळी गाडीला हार घालताना मी जारमधला एक तांब्या रेडिएटरमध्ये ओतायचो. नाना स्वतः हात जोडून उभे असायचे. कूलंटचं सांगितल्यावर त्यांनी डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. "विषारी असं स्पष्ट लिहिलंय. स्वर्गरथात विष घालू म्हणतोस?"

"पण मामा म्हणाले..."

"तांबट पितळेतला माणूस. पाणी हा माझा विषय आहे."

मी नानांचं ऐकलं. मामांना भेटल्यावर 'जारचं बंद केलं' असं सांगितलं. मामा "शाब्बास" म्हणाले.

पुढे जे घडलं ते मला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. महिन्याभरात गाडीतलं पाणी हिरवं झालं. नुसतं हिरवट नाही, काचेच्या बांगडीसारखं हिरवं. मी पांढरं स्वच्छ पाणी ओतत होतो आणि आत हिरवं निघत होतं. नानांना दाखवलं. नाना म्हणाले, "शेवाळ." हिरवं म्हणजे शेवाळ, हे मलाही माहीत होतं, कारण ते त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी जारवाल्याला जाब विचारला. जारवाल्याने पाण्याचा नमुना नाशिकला तपासायला पाठवला, तो उत्तम निघाला. नानांनी जारवाला बदलला. पाणी तरीही हिरवं. मग नानांनी नवा नियम केला. दर सोमवारी गाडीतलं सगळं पाणी खालच्या नळाने सोडून द्यायचं आणि पुन्हा शुद्ध भरायचं. मी सोमवारी शुद्ध भरायचो. गुरुवारी बघावं तर पुन्हा हिरवं. ट्रॅक्टरवर असताना असं कधी झालं नव्हतं. मला वाटायला लागलं की गाडीत बसून गेलेल्या लोकांचा याच्याशी काही संबंध असावा. हे मी नानांना बोललो नाही, ते विज्ञानाचे होते.

आणि तीन आठवड्यांपूर्वी ते हिरवं एकाएकी थांबलं. सोमवारी भरलेलं पाणी पुढच्या सोमवारी जसंच्या तसं. नाना खूश झाले. म्हणाले, "बघ, शुद्धतेला वेळ लागतो." मग ते पिवळसर झालं, मग चहा.

हे सगळं मी त्या रस्त्यावर कुणालाच सांगितलं नाही. साडेपाच वाजत आले होते आणि फोन वाजला. नानाच होते.

"पोहोचलात?"

"नाना, गाडी तापलीय."

"पाणी कमी झालं असेल. मागे जार आहे ना? तोच घाल. वाटेतलं शेततळ्याचं वगैरे घालू नकोस हां."

फोन स्पीकरवर नव्हता, पण नानांचा आवाज चाळीस मुलांच्या वर्गासाठी घडलेला होता. अन्वरभाईंनी ऐकलं.

"जारचं? पुन्हा?" ते भडकले. "आता तर मी हिच्यात शेततळ्याचंच घालणार. मामांनी सांगितलंय, उपाशी पाणी घालायचं नाही."

"शेततळ्यात गाळ आहे," दत्तू म्हणाला. "मामांनी गाळाचंपण नाही सांगितलंय."

"मामांनी जास्त वाईट काय म्हटलं होतं?"

"जास्त वाईट... थांबा हां. तसं दोन्हीला शिव्याच द्यायचे."

दोघांनी पुन्हा गाडीच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मामा पांढऱ्या कपड्यात शांत होते.

"अरे," मामी दगडावरून उठल्या, "अठरा किलोमीटर जायचंय की अठरा वर्षं? गटारीचं घाला नाहीतर दूध घाला. एका संध्याकाळात कुठलं पाणी काय खाणार आहे? आधी ते भोक बुजवा."

ते खरं होतं. जार ओतला तरी खालून तो तेवढ्याच वेगाने निघून जाणार होता. डाख द्यायला अन्वरभाईंच्या दुकानापर्यंत जावं लागलं असतं. साबण लावून पाहिला, वितळला. कापड कोंबलं तर भोक मोठं झालं.

अन्वरभाई उठून उभे राहिले. "एक उपाय आहे. पण मामांच्या देखत मी तो तोंडातून काढणार नाही."

दत्तूच्या लक्षात आलं. "नाही हां, भाई! मामा उठून बसतील."

"कुठला उपाय?" मी विचारलं.

"हळद," मामी म्हणाल्या.

रेडिएटर गळायला लागलं की ट्रकवाले आत हळद टाकतात. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकापाशी जाऊन बसते, काही तास निभावतं. आणि मग नळ्यांमध्ये जमून सगळं रेडिएटर चोंदतं. मामांना हळदीचा इतका संताप होता की दुकानात पाटीच होती : 'हळद टाकलेल्या गाडीचे काम केले जाणार नाही.' दत्तूने शिकाऊ असताना एकदा एका टेम्पोत हळद टाकली होती. मामांनी त्याला आठ दिवस पाटीखाली उभं केलं होतं.

"पण इथं हळद कुठून आणणार?" मी म्हणालो. वावरात फक्त कांदे होते.

मामी केबिनपाशी गेल्या. सीटवरची पिशवी घेऊन आल्या, तिच्यातून पितळेचा एक करंडा काढला. जुना, झिजलेला, दोन कप्प्यांचा. एकात कुंकू, एकात हळद.

अन्वरभाईंनी मान फिरवली. दत्तू एकदम म्हणाला, "मामी, ती नको. ती तर तिथं घाटावर लागणार..."

"कशाला लागणार ते मला माहितीये. जावेने काल निरोप धाडलाय, विसरू नका म्हणून." त्यांनी करंड्याचं झाकण काढलं. "किती लागते रे, अन्वर?"

"मूठभर."

"मूठभरच आहे."

घाटावर जमलेल्या बायका नवरा गेलेल्या बाईला शेवटची हळद लावतात आणि मग पुसतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आठ महिने गाडी चालवत होतो, पण बायका जिथे जमतात तिथे ड्रायव्हर जात नाही. त्यामुळे दोन धट्टेकट्टे मेकॅनिक हळदीच्या डबीसमोर का रडतायत, हे मला कळेना. मला वाटलं, पाटीमुळे.

अन्वरभाईंनी जार ओतला. मामींनी स्वतः करंडा उलटा केला, कडेला चिकटलेली हळद बोटाने निपटून आत टाकली. मग मागच्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "बोलू नका काही. नाइलाज आहे."

आम्ही पाच मिनिटं इंजिन चालवलं. खालचे थेंब तपकिरीचे पिवळे झाले, पिवळे थेंब लांब लांब पडायला लागले आणि मग थांबले. दत्तूने हळूच विचारलं, "थांबलं?"

"थांबलं," अन्वरभाई म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

निघालो तेव्हा पाच पन्नास झाले होते. ते दोघं शेततळ्यावरून बादली भरून घेऊन मागे बसले, मामी माझ्या शेजारी. मी काट्यावर नजर ठेवून पंचेचाळीसच्या वेगाने चाललो होतो. तीनेक किलोमीटर गेलो. मग मामी म्हणाल्या,

"जारचं बंद केलं नव्हतंस ना?"

"नाही," मी म्हणालो. नंतर म्हणालो, "मी मामांशी खोटं बोललो."

"त्यांना माहीत होतं."

"कसं?"

"झाकणाच्या आतून गंजाचा डाग पडतो. डाग बघून ते गाडीवाल्याचं गोत्र सांगायचे." त्या समोर बघत होत्या. "मला म्हणाले, पोराला नोकरी टिकवायचीय, मास्तर ऐकणारा नाही. पोराला कशाला मध्ये पिळायचं? आपणच घालू."

"काय घालू?"

"कूलंट. दर बुधवारी पहाटे फिरायला जायचे ना, तेव्हा डबा घेऊन जायचे. तुझी गाडी बसस्टँडमागं उभी असायची. अर्धं पाणी काढायचे, तेवढं कूलंट भरायचे. पाच महिने."

रस्ता सरळ होता तरी मी गाडी थोडी डावीकडे नेली.

"कूलंट कुठल्या रंगाचं असतं, मामी?"

"त्यांचं हिरवं असायचं. का रे?"

मी गिअर बदलला. गरज नव्हती. "मी सोमवारी काढून टाकायचो."

"काय?"

"ते हिरवं. नाना म्हणाले शेवाळ आहे. दर सोमवारी सगळं सोडून द्यायचो आणि जारचं भरायचो."

मामींनी माझ्याकडे तोंड वळवलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. मी मान थोडी पुढे केली, म्हणजे स्टिअरिंग न सोडता खाता येईल.

"तू काढून टाकायचास," त्या म्हणाल्या.

"हो."

"दर सोमवारी."

"हो."

"अरे देवा." त्यांनी हात कपाळाला लावला. "आणि ते म्हणायचे, ही गाडी पिते किती! शेवंता, मी चाळीस वर्षांत असं बघितलं नाही. गळत नाही, उकळत नाही, तेलात जात नाही. मग जातं कुठं? रात्री उठून बसायचे. अंथरुणाला खिळले, वीस दिवस झाले, तरी तेच. परवा डॉक्टर काय विचारतोय, दुखतंय का, आणि हे त्याला विचारतायत, कूलंट जातं कुठं?"

वीस दिवस. मी मनात हिशोब केला. पाणी पांढरं राहायला लागून वीस दिवस झाले होते.

"मला वाटायचं, फिल्टरचं पाणी गाडीत गेल्यावर हिरवं होतं," मी म्हणालो.

मामींच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मागच्या खिडकीतून अन्वरभाईंनी घाबरून विचारलं, "मामी, काय झालं?"

"काही नाही," मामी म्हणाल्या. "चालव रे. हळू का चालवतोस?"

"काटा वर चाललाय."

"जाऊ दे वर."

दोनदा थांबून बादलीतलं पाणी घातलं. सोनेवाडीच्या वेशीत शिरलो तेव्हा सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि सूर्य समोरच्या डोंगराला टेकला होता. घाट गावाला लागूनच, ओढ्याकाठी. लोक धावतच आले. अन्वरभाई, दत्तू आणि आणखी दोघांनी खांदा दिला. पुतण्या मडकं घेऊन उभा होता आणि सारखा पश्चिमेकडे बघत होता.

बायका चिंचेखाली थांबल्या होत्या. मामींची जाऊ पुढे आली, मामींच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडताच हात पुढे करून म्हणाली, "ताई, करंडा?"

मामींनी करंडा दिला. जावेने झाकण उघडलं. एक कप्पा रिकामा, नुसता पुसलेला.

"हळद?"

"गाडीला लागली."

"गाडीला?" जावेने आमच्या गाडीकडे पाहिलं. तिच्या बंपरवर पिवळे ओघळ होते. "गाडीला कशी हळद लागली?"

"गळत होती."

जाऊ दुसऱ्या बाईकडे गेली, ती तिसरीकडे गेली. हळद कुणाकडेच नव्हती. गावातलं दुकान मामांसाठीच बंद ठेवलेलं होतं. एक बाई घराकडे पळाली. तोवर मामी चिंचेखालून निघाल्यासुद्धा होत्या. बायकांनी सरणापाशी जायची तिथे पद्धत नाही, पण अडवायला लागणारा वेळ कुणाकडे नव्हता.

"काकू, दिवस बुडतोय," पुतण्या म्हणाला.

"थांब रे. यांना एक सांगायचंय."

मामा लाकडांवर होते, चेहरा उघडा. मामी वाकल्या आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं. सगळ्यांना वाटलं, देवाचं नाव घेतायत. भटजींनी तर डोळे मिटून हात जोडले. पण देवाचं नाव एवढं लांब नसतं. मामी सांगत होत्या, थांबत होत्या, पुन्हा सांगत होत्या. मध्येच त्यांनी मान न वळवता हात मागे केला आणि बोट दाखवलं. त्या बोटाच्या रेषेत मी उभा होतो. माझ्या बरोबर मागे गाडी उभी होती.

डोंगरावर सूर्याची चिंचोळी फोड उरली होती.

मामी सरळ झाल्या, पदर नीट केला. "लावा आता," त्या म्हणाल्या.

पुतण्याने अग्नी दिला.

मी पुढच्या महिन्यात ट्रस्टची नोकरी सोडली. दुकान मामींनी बंद केलं नाही. चाळीस वर्षं शेजारी बसून त्यांना सगळं येत होतं, फक्त जड रेडिएटर उचलायला माणूस हवा होता. तेव्हापासून मी तिथेच आहे. उचलतो, धुतो, डाख देतो. कुणी जारचं पाणी घालतो म्हणालं, तर उपाशी माणसाची गोष्ट सांगतो. मामी शेजारीच असतात. त्या दिवशी त्यांनी कानात माझं नाव सांगितलं, की नुसतंच गाडीचं सांगितलं, हे मी अजून विचारलेलं नाही.